पहिल्या मरणाचा मान

सेजलच्या चित्रातली मेलेली माणसं मेलेली वाटत नव्हती. अडचण म्हणाल तर एवढीच, पण तिच्यापायी हातचं पुस्तक जायची वेळ आली होती.

पुस्तक म्हणजे कॉमिक. नाव ‘रक्तघाट’. त्यात कोतवाल नावाचा एक हेर होता. हे नाव ऐकून गावातले म्हातारे हसायचे, कारण त्यांच्या लेखी कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा शिपाई. पण हा कोतवाल भलताच तिखट होता. पहिल्या पानावर गोळी, दुसऱ्यावर सुरा, तिसऱ्या पानावर एखादा जीपसकट दरीत. ही सगळी माणसं मारायचं काम होतं मुसैबकडे. मुसैब महाडचा, सेजलचा कॉलेजातला दोस्त. वडिलांच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून ‘ट्रक कशेडीतून सुटला का’ असं फोनवर विचारता विचारता तो एका बाजूला गोष्ट लिहायचा. आणि सेजल ती काढायची, पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या पायथ्याला, करंजकोंडातल्या आपल्या घराच्या ओटीवर टेबल टाकून. आधी पेन्सिल, मग शाई आणि सगळ्यात शेवटी लाल.

पहिला अंक खपला बऱ्यापैकी. दुसऱ्याची पानं गेली आणि मुंबईहून संपादिका शर्मिला मॅडमचा फोन आला.

“सेजल, बंदुका झकास आहेत. घाट तर असा काढलायस की मला वळणं बघून मळमळलं. पण तुझी मेलेली माणसं दुपारी जेवून आडवी झाल्यासारखी दिसतात गं! आणि मला सांग, सगळ्यांचं नाक एकच कसं?”

नाक मुसैबचं होतं. सेजलची कामाची रीतच तशी. ती मनाने काही काढायची नाही. आधी फोटो, मग त्यावरून चित्र. हातात बंदूक हवी तर कोणाच्या तरी हातात स्टीलचं लाटणं द्यायचं, फोटो काढायचा आणि मग लाटण्याची बंदूक करायची. मुडदे हवे असले की मुसैब ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पोत्यांवर आडवा व्हायचा. एकाला मिशा लावल्या, एकाला टक्कल केलं, तरी नाक काही लपेना.

“शेवटचं जोडपान पुन्हा कर,” मॅडम म्हणाल्या. “अख्खी टोळी घाटाखाली मरून पडलीय आणि मला बघून काहीच होत नाही. ते पान दुखलं पाहिजे. नाही जमलं तर तसं सांग, दुसऱ्याकडून करून घेऊ. आणि खरं तेच सांगते, मग पुढचे अंकही त्याच्याचकडे जातील.”

सेजलने फोन ठेवला. घाबरली होती ती, सरळ सरळ घाबरली होती. हे पुस्तक तिने ओढून आणलेलं, मुंबईची नोकरी सोडून. ते गेलं तर पुढे काय, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. महाडच्या एखाद्या दुकानात बसून वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊ-दादांची तोंडं कापून चिकटवायची, खाली शुभेच्छुकांची रांग लावायची, आणि कोणाचं तोंड कोणापेक्षा लहान झालं म्हणून शिव्या खायच्या.

पण शिमगा तोंडावर आला होता, आणि शिमग्याला करंजकोंड भरतो. एरवी गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. शिमग्याला मात्र मुंबईकर झाडून सगळे येतात. पालखी नाचवायला आलेली एवढी जाडी-बारीक, काळी-गोरी, चपट्या-लांब नाकाची माणसं घटकाभर मरायला काय हरकत आहे, असं सेजलला वाटलं. मुंबईकर येऊन पोचले त्या संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यापाशी, गाव जमला होता. तिने धीर करून विषय काढला.

अहो, काय तो उत्साह! असं वाटलं की अख्खा गाव इतके दिवस मरायला कोणी बोलवतंय का, याचीच वाट बघत होता.

“मला कशानं मारशील गो?” ठकूबाई पुढे सरसावली. सेजलच्या शेजारची काकी, तोंडाने फटकळ, हाताला सढळ. “गोळी नको, मला आवाज सहन होत नाय. सुरा चालंल.”

“मला छातीत गोळी,” घाटकोपरचा सुनील म्हणाला. “पण पडताना स्लो मोशनमधी पडणार मी.”

“फोटोत कसली रे स्लो मोशन?”

“मग तसा चेहरा करीन.”

सगळं कसं छान जुळत आलं होतं. तेवढ्यात रावजीने घसा खाकरला. रावजी म्हणजे वरच्या घराचा कर्ता, डोक्याला कायम टॉवेल, आणि बोलायच्या आधी घसा खाकरला की समजायचं, आता काहीतरी फाटे फुटणार.

“मरायला कोणाची ना नाय,” तो म्हणाला. “पण पहिला कोण मरणार?”

सेजलने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

करंजकोंडात पहिला कोण, हा प्रश्न साधा नव्हता. पालखीला पहिला हात लावायचा मान रावजीच्या घराचा की सेजलच्या वडिलांच्या, महिपतच्या घराचा, यावरून आजोबांच्या काळापासून तंटा. मग जाणत्यांनी तोड काढली, एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं. बरं चाललं होतं. तर मध्ये आला लॉकडाऊन. एक शिमगा पालखी उठलीच नाही. आता ते वर्ष मोजायचं की सोडायचं? रावजी म्हणायचा मोजायचं, महिपत म्हणायचा सोडायचं. पुढच्या वर्षी दोघंही नेमके उलटे बोलायचे. दर शिमग्याला पालखी उठायच्या आधी हा वाद उठायचा आणि जेवणं गार व्हायची.

“पान कोणाच्या पोरीनं काढलंय?” महिपत उठून उभाच राहिला. “माझ्या. मग पहिला मी मरणार.”

“वा रे वा! मी बसलोय हितं, आणि तू माझ्या आधी मरशील? शोभतं का ते?”

“गेल्या वर्षी तुझा मान झाला.”

“गेल्या वर्षी पालखीचा झाला. मरणाचा कुठं झाला?”

“आबा, रावजीकाका, ऐका तरी,” सेजल काकुळतीला आली. “चित्रात सगळे एकदमच मेलेले असणार. आधी कोण, नंतर कोण, काय कळणारच नाय.”

“एकदम कसे मरतील?” रावजी म्हणाला. “गोळ्या एकीमागून एक सुटतात. एवढं मलाबी कळतं.”

सेजलने मुसैबला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गोष्ट त्याची, त्यालाच काहीतरी तोड सुचली तर बघावी म्हणून. मुसैबने सगळं ऐकून घेतलं. “काका, मी बॉम्ब टाकतो ना,” तो म्हणाला. “एकाच धमाक्यात सगळे खलास. कोणाचं आधी नाही, कोणाचं मागून नाही.”

यावर गावकीने खरोखर विचार केला. पण बॉम्ब टाकला तरी बॉम्बच्या जवळचा कोण, हा मुद्दा निघालाच.

शेवटी कोणीतरी म्हणालं, देवीला कौल लावा. गुरव राजेंद्र आधी तयार होईना. एरवी तो पोलादपूर स्टँडवर रिक्षा चालवतो, पण देवळात आला की वेगळाच माणूस.

“कॉमिकसाठी कौल? आईनं विचारलं, काय रे हे, तर काय सांगू?”

“क्रिकेटच्या टीमला कॅप्टन निवडायला लावला होतास तो?” सुनीलने विचारलं.

“ते खेळाचं होतं.”

“हेबी खेळाचंच हाय की.”

राजेंद्रने हात पाय धुतले, देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पहिला मान रावजीच्या घराचा का? फूल हललं नाही. महिपतच्या घराचा का? नाही. दोघांनी एकदम मरावं का? नाही. कोणीच मरू नये का, असंही भीत भीत विचारून झालं, पण देवी त्यालाही हो म्हणेना, ना म्हणेना. गाव ताटकळला. मुंबईकरांची पोरं पेंगायला लागली.

ठकूबाई मागे उभी होती. तिच्या चुलीवर वाटाण्याचा रस्सा होता आणि त्याचा वास बदलायला लागलेला तिला एकटीलाच कळत होता. “त्या दोघांना कशाला इचारताय मगासपासून?” ती करवादली. “हिलाच मारा की पहिली! हिच्याच डोक्यातून निघालंय सगळं.”

आणि टपकन उजवं फूल खाली आलं.

मग राजेंद्र गुरव पाया पडून म्हणाला, “झाला कौल. पहिली सेजल.”

“बराबर हाय,” रावजी मान डोलवत म्हणाला. “लेक काय एका घराची नसते, ती गावाची असते. तिचा मान आम्ही आमच्या दोघांच्या वर धरतो.”

एवढं सरळ रावजी गेल्या कित्येक वर्षांत बोलला नव्हता. पण महिपतचं तोंड मात्र उतरलं. आपला मान गेला याचं त्याला वाईट वाटलं असावं, असं सेजलला वाटलं. तो खांद्यावर पंचा टाकून चालू लागला. “तुमचं तुम्ही मरा,” जाता जाता म्हणाला. “मी नाय यायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या भाताच्या शेतात मरणाची तयारी झाली. जागा सेजलने निवडली होती. एका बाजूला मोठा काळा कातळ, मधे बांध, आणि वर बघितलं की आंबेनळीचा रस्ता वळसे घेत चढत गेलेला. मुसैब महाडहून बाइकवर आला. गळ्यात कॅमेरा आणि मागे आईने, रजियाचाचींनी, दिलेला सांदणांचा डबा. तांदळाची ती गोड, मऊ सांदणं बघून टोळीतले निम्मे मुडदे उठून बसले.

“मरायच्या आधी खाऊ नका, तोंडं हलतात,” सेजल ओरडली.

“उपाशी मरू काय मग?” सुनील भरल्या तोंडाने म्हणाला.

रक्ताचा प्रश्न ठकूबाईने सोडवला होता. रंगाला पैसे कशाला घालवायचे म्हणून तिने कोकमाचं आगळ आणलं, घट्ट, काळपट लाल, बरणीभर. सेजलला ते बघताच पटलं. पोस्टर कलरचं लाल रक्त नाटकातलं वाटतं, हे मात्र अगदी खरं वाटत होतं. फक्त डोळ्यांत गेलं तर मिठाने झोंबतं, हे ठकूबाईने सांगितलं, पण ते ओतून झाल्यावर.

बांधाच्या पलीकडे टोळी पसरली. एकावर एक, वाकडी-तिकडी, कोण पालथा, कोण उताणा. रावजी स्वतःच्या जागेवर खूश होता, कारण सेजलनंतर कॅमेऱ्याला सर्वांत जवळचा मुडदा तोच. ठकूबाईने पोटात सुरा खुपसल्यासारखा विळा धरला होता आणि मधूनच विचारत होती, बरा दिसतोय का. मुसैब वरून फोटो घ्यायला कातळावर चढला. आणि सेजल, कौल लागल्याप्रमाणे, सगळ्यांत आधी, बांधाच्या अलीकडे कातळाच्या पायथ्याशी एकटी आडवी झाली. डोकं उताराला खाली, एक हात पाठीखाली दुमडलेला, कपाळावरून आगळ ओघळलेलं, डोळे सताड उघडे. मेलेल्याचे डोळे मिटलेले नसावेत, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

असं उलटं पडल्यावर जग निराळंच दिसतं. रस्ता आभाळातून खाली लोंबत होता. गवताची काडी झाडाएवढी झाली होती. पाठीत ढेकूळ रुतत होतं आणि डोळ्यांत आगळ उतरायला लागलं होतं. सेजल मनातल्या मनात मुसैबला म्हणत होती, काढ रे बाबा लवकर.

तेवढ्यात ओढ्याच्या वाटेवरून तिचे वडील आले.

महिपत सकाळीच रागारागात लाकडं तोडायला गेला होता. जिथे गेला तिथे ना माणूस ना मोबाइलची रेंज. लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन तो खालच्या बाजूने वर आला. बांधापलीकडची टोळी त्याला दिसली नाही. कातळावरचा मुसैबही दिसला नाही. त्याला दिसली फक्त सेजल, घाटाच्या वळणाखाली, दगडापाशी, डोकं लाल.

फोटोंचा कार्यक्रम त्याला माहीत नव्हता का? होता, चांगला माहीत होता. पण आंबेनळीत गाडी गेली की दोर घेऊन दरीत उतरणाऱ्यांत महिपत कायम पुढे असायचा, आणि असं वाकडं पडलेलं, डोळे उघडे ठेवलेलं माणूस त्याने बघितलेलं होतं. डोक्यावरचा भारा धाडकन पडला. तो धावला. एक चप्पल मागेच राहिली.

सेजलला आधी ते पाय दिसले, मग तो तिच्यावर वाकला. तिने उठायला हवं होतं. आबा, मी आहे, असं म्हणायला हवं होतं. पण तिचं अंगच हलेना. वडिलांचं असं तोंड तिने जन्मात बघितलं नव्हतं. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. खालचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. आणि हात. दोन्ही हात तिच्या तोंडापर्यंत येऊन वीतभर अलीकडे थांबले होते. दरीतून परक्या माणसांना खांद्यावर घालून आणणारा हा माणूस, पण त्याला आपल्या पोरीला हात लावायचा धीर होत नव्हता. हात लावला तर खरं होईल, असं त्याला वाटत असणार.

“आबा,” सेजल म्हणाली, आणि तिचाच आवाज फुटला. “आबा, आगळ हाय ओ. कोकमाचं आगळ.”

महिपत मटकन खाली बसला. त्याने बोट तिच्या कपाळाला लावलं, जिभेला लावलं, आणि तसाच बसून राहिला. बांधामागून रावजीने आवाज ऐकून डोकं वर काढलं, मग सुनीलने, मग ठकूबाईने पोटातल्या विळ्यासकट. एकामागून एक सगळे मुडदे उठून उभे राहिले, कोणाच्या गळ्यावर लाल, कोणाच्या तोंडात सांदण.

“काय झाला रे महिपत?”

महिपत उठला तो थेट रावजीच्या अंगावर. “घे! पहिला मान तुझा. पालखीचा घे, मरणाचा घे, जेवणाच्या पंगतीचा घे. ह्या वर्षीचा, पुढच्या वर्षीचा, लॉकडाऊनचाबी घे! मला नको. फक्त माझ्या पोरीला परत असं जमिनीवर निजवायचं नाय. कौल नाय की बिऊल नाय!”

रावजीने इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते असं शेताच्या बांधावर अचानक त्याच्या ओंजळीत पडलं. तो महिपतच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याचाही चेहरा कसनुसा झाला. “असा मान मला नको रे,” तो हळू म्हणाला. “चल, पाणी पी आधी.”

त्याने महिपतच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला सावलीत नेलं. ठकूबाईने सेजलचं तोंड पदराने खसाखसा पुसलं आणि पुसता पुसता तिला दोन रट्टेही दिले. का, ते तिचं तिलाच ठाऊक.

सेजल धावत कातळापाशी गेली. “मुसैब! घेतलास ना? आबांचं तोंड घेतलंस ना?”

मुसैब कॅमेरा छातीशी धरून खाली उतरत होता. त्याचा रंग उडाला होता. “नाही गं. काका धावत आले आणि मला वाटलं, खरंच तुला काहीतरी झालं. कॅमेरा आहे हेच विसरलो मी. सॉरी यार.”

बाकीचे फोटो नंतर झाले. चांगले झाले, कोणाचं नाक कोणासारखं नव्हतं. पण त्यांत काही अर्थ नाही हे सेजलला आता कळून चुकलं होतं. ज्या पानासाठी ती जिवाचं रान करत होती, ते तिच्यासमोर वीतभर अंतरावर येऊन गेलं, आणि त्याचा फोटो नव्हता. आणि फोटोशिवाय ती काढणार कसं? मॅडमने दिलेली मुदत तर पालखी गावभर फिरून देवळात परत यायच्या आतच संपत होती.

तिने वडिलांना ओटीवर उभं केलं. “आबा, जरा तसं तोंड करा ना.”

“कसं?”

“त्या दिवशी केलं होतं तसं.”

महिपतने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पहिल्यांदा दाढ दुखल्यासारखं तोंड झालं, दुसऱ्यांदा शिंक अडकल्यासारखं, आणि तिसऱ्यांदा स्वतःलाच हसू फुटलं. आतून आई ओरडली, “अवं, काय येड लागलंय काय दोघांना?” महिपत हसता हसता खाली बसला. “तसं करता येत नाय गो,” तो म्हणाला. “ते होतं.”

मग सेजलने कॅमेरा कपाटात टाकला आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. पहिले काही कागद फाडले. वडिलांसारखं दिसावं म्हणून ती धडपडत होती आणि हुबेहूब वडील येत होते, पण ते तोंड काही येत नव्हतं. मग तिने डोळे मिटले. पाठीतलं ढेकूळ आठवलं, डोळ्यांत झोंबणारं आगळ आठवलं. आणि ते हात आठवले. तिने आधी हातच काढले, थांबलेले. मग वरचं तोंड आपोआप यायला लागलं.

पान झालं ते असं. दोन्ही पानं मिळून एकच चित्र, आणि सगळं खालून, मेलेल्याच्या डोळ्यांतून बघितलेलं. आभाळात उलटा घाट. कडेला लांबवर, उलटी आणि लहान, बाकीची टोळी. रावजी, सुनील, विळेवाली ठकूबाई, सगळे ओळखू येण्याइतपत, कारण नाहीतर गावात राहणं मुश्कील झालं असतं. आणि मधोमध एक बाप, वाकलेला, दोन्ही हात आपल्या मुलाच्या तोंडापाशी येऊन थांबलेले. लाल रंग जवळजवळ कुठेच नव्हता.

मुसैबने फोनवर चित्र बघितलं. मग म्हणाला, “माझ्या स्क्रिप्टमध्ये हा बाप नाहीये.”

“मग आता घाल.”

पान मुंबईला गेलं. सहाणेवर ढोल वाजत होते, पोरं नाचत होती आणि सेजल फोन हातात धरून ओटीवर येरझाऱ्या घालत होती. दुपारी शर्मिला मॅडमचा फोन आला.

“पान मिळालं,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. एरवी त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. “पुढचे अंक तूच करायचे आहेत. बाकीचं आपण नंतर बोलू. मला जरा नागपूरला फोन करायचाय, घरी.”

सेजल ओटीवरच बसली आणि रडली, अगदी हुंदके देऊन. मग डोळे पुसून तिने जोरात शिट्टी मारली. घरातली मांजर पळून गेली.

अंक छापून आला तेव्हा मुंबईकर आपापल्या कामावर परतले होते, पण करंजकोंडात अंक घरोघरी फिरला. जो तो आपला मुडदा शोधत होता. महिपतने मात्र चष्मा लावून ते एकच पान खूप वेळ बघितलं.

“हा खाली पडलाय तो कोण गो?” त्याने विचारलं.

“स्मगलर, आबा. वाईट माणूस होता.”

“असंल. बाप हाय ना त्याला.” मग त्याने पहिला अंक मागवून घेतला. तोच, जो तो आधी पोट धरधरून हसत वाचायचा. आता एकेका मुडद्यावर बोट ठेवून विचारायला लागला. “ह्याच्या घरी कोण हाय? आणि ह्या टकल्याच्या? हा जीपसकट गेला त्याच्या?”

“नाय ठरवलं आबा.”

“मग ठरव की. असं कसं, घरी कोण हाय ते बघायच्या आधीच माणूस मारायचा?”

सेजलने हे मुसैबला सांगितलं तेव्हा तो वैतागला. “अरे यार, प्रत्येक मुडद्याला आता बाप द्यायचा? आई द्यायची? मग माणसं मारायची कधी आणि पुस्तक संपायचं कधी? हेराची गोष्ट आहे ही, लग्नाची यादी नाही!”

“मला ते काय माहीत नाय. तू लिहीत जा, मी काढते.”

तो कुरकुरत कुरकुरत लिहायला लागला. तिसऱ्या अंकाची पानं येऊ लागली. सुरुवातीला नेहमीसारखी दणादण, मग जरा सावकाश, मग फारच सावकाश. आणि एके सकाळी सेजल शाई ढवळत होती तेव्हा त्याचा फोन आला. मागे ऑफिसात कोणीतरी ट्रकच्या नावाने ओरडत होतं, पण मुसैबचं तिकडे लक्ष नव्हतं.

“सेजल, अडकलोय गं,” तो म्हणाला. “कोतवालाने बंदूक रोखलीय. समोरचा एक नंबरचा हरामी आहे, त्याला उडवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. पण त्याची आई त्याचं ताट झाकून दारात उभी आहे, असं मागच्याच पानावर मी लिहून बसलोय. आता गोळी कशी घालू?”

सेजलने ब्रश पाण्यात बुडवला आणि थोडा विचार केला.

“मग नेम चुकव,” ती म्हणाली.